अंगणातली शहाबादी फरसबंदी: पायापासून दर्जांपर्यंत

घरापुढच्या अंगणात दगडी फरशी घालायची ठरली की बहुतेक घरांत पहिली चर्चा दगडाच्या रंगाची आणि भावाची होते, आणि फरशीखाली काय घालायचे हा प्रश्न गवंड्यावर सोपवला जातो. दोन पावसाळ्यांनंतर मग एखादा कोपरा खचतो, पाय ठेवताच फरशी डुगडुगते, पाणी उताराकडे जाण्याऐवजी जोत्याशी साचते, आणि दोष दगडाला दिला जातो. वास्तविक दगड सहसा निर्दोष असतो. अंगण किती वर्षे टिकेल हे फरशीखालच्या १० इंचांत आणि पाण्याच्या उतारात ठरते, म्हणून पुढील मजकुरात दगडापेक्षा त्याच्या खालच्या थरांना अधिक जागा दिली आहे.

दगडाची निवड

महाराष्ट्रात अंगणासाठी सहज मिळणारे दगड म्हणजे शहाबादी, कडप्पा, कोटा, काळा दगड म्हणजे बेसाल्ट, आणि कोकण व गोव्यात जांभा. शहाबादी फरशी कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद परिसरातून येते. हे गाव सोलापूर-वाडी लोहमार्गावर असल्याने हा दगड इकडे आणणे पूर्वीपासून सोयीचे होते. हा थराथराने साचलेला चुनखडीचा दगड असल्यामुळे खाणीतूनच त्याच्या सपाट लाद्या सुटतात, त्याला फारशी घडाई लागत नाही आणि तो तुलनेने स्वस्त पडतो. कडप्पा आणि कोटा हेही चुनखडीचेच दगड आहेत. काळा कडप्पा उघड्या अंगणात घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण चैत्र-वैशाखात तो इतका तापतो की अनवाणी पाय ठेवता येत नाही, आणि उन्हापावसाने त्याचा काळेपणा लवकरच करडा पडतो. बेसाल्ट या सर्वांत टणक आणि टिकाऊ. जुन्या वाड्यांचे चौक आणि नदीकाठचे घाट त्याचेच आहेत. मात्र त्याची घडाई करणारा कसबी पाथरवट मिळायला हवा आणि त्याच्या मजुरीची तयारी हवी. पुढील कृती शहाबादी दगड धरून सांगितली आहे; कोटा दगडालाही ती जवळजवळ जशीच्या तशी लागू पडते.

घरात वापरतात ती घासून गुळगुळीत केलेली फरशी अंगणात घेऊ नये, कारण ओली झाली की ती घसरडी होते आणि घरात वृद्ध माणसे असतील तर तो धोका पत्करण्यासारखा नसतो. अंगणासाठी रफ, म्हणजे खाणीतून आल्यासारख्या नैसर्गिक पृष्ठभागाची फरशी घ्यावी, पण कडा मशीनने कापलेल्या असाव्यात. कडा हाताने तोडलेल्या असतील तर दर्जा, म्हणजे दोन फरश्यांमधल्या फटी, वेड्यावाकड्या येतात आणि त्या भरण्यात बराच मसाला, म्हणजे कालवलेले सिमेंट-वाळूचे मिश्रण, खर्ची पडतो. ज्यांना दारात रोज रांगोळी काढायची असते त्यांनी उंबऱ्यासमोरच्या दोन-चार फरश्या तेवढ्या अर्धवट घासलेल्या घ्याव्यात.

खरेदीच्या वेळी फरशी उभी धरून हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावी. अखंड फरशीचा आवाज खणखणीत येतो. आत थर सुटला असेल किंवा बारीक चीर असेल तर आवाज बोदा येतो. जाडी किमान सव्वा इंच असावी. २ फूट बाय २ फूट आकाराची सव्वा इंची फरशी सुमारे ३० किलो भरते, म्हणून ती दोघांनी उचलावी. घरी आणलेल्या फरश्या आडव्या रचून ठेवू नयेत. भिंतीला टेकवून, खाली लाकडी पट्ट्या घालून, कडेवर उभ्या ठेवाव्यात.

कामाचा हंगाम

दसऱ्यानंतर काम सुरू करून होळीच्या आत संपवावे. याचे कारण केवळ पावसाची अडचण टाळणे हे नाही. मे महिन्यात जमीन, विशेषतः काळी जमीन, भेगाळून आकसलेली असते. त्या अवस्थेत पाया केला तर जूनमध्ये ती फुगते आणि वरचे सर्व थर उचलते. पावसाळा संपल्यावर महिना-दीड महिन्याने जमिनीत ओल असते पण चिखल नसतो, धुमसाने, म्हणजे जमीन ठोकण्याच्या जड ठोकळ्याने, ती नीट दबते, आणि सिमेंटच्या कामाला पाणी मारण्यासही हवा अनुकूल असते.

आखणी आणि उतार

समजा घराला लागून १५ फूट लांब आणि घरापासून पुढे १२ फूट रुंद, म्हणजे १८० चौरस फुटांचे अंगण करायचे आहे. चारही कोपऱ्यांत खुंट्या ठोकून दोरी ताणावी आणि कोपरा काटकोनात आहे की नाही हे ३-४-५ च्या मापाने तपासावे: एका बाजूवर ३ फूट, दुसरीवर ४ फूट मोजले तर त्या दोन खुणांमधले तिरके अंतर नेमके ५ फूट यायला हवे. शेवटी दोन्ही कर्ण मोजावेत. वरील मापाच्या अंगणाचा प्रत्येक कर्ण १९ फूट अडीच इंच भरतो. दोन कर्णांत अर्ध्या इंचाहून अधिक फरक असेल तर आखणी पुन्हा करावी, कारण हा फरक शेवटच्या ओळीत तिरक्या कापलेल्या फरश्यांच्या रूपाने कायमचा डोळ्यांना खुपत राहतो.

उतार नेहमी घरापासून दूर जाणारा असावा. रफ दगडावर पाणी सावकाश वाहते, म्हणून साठास एक, म्हणजे दर १० फुटांना २ इंच, असा उतार धरावा. १२ फुटांसाठी तो जवळजवळ अडीच इंच होतो. चालताना हा उतार जाणवत नाही, पण पाणी थांबत नाही. काही गवंडी दीड इंचावर भागवू पाहतात. घासलेल्या फरशीवर ते चालून जाईल, रफ शहाबादीवर नाही. घराकडील कडेलाही तयार फरशीची पातळी जोत्याच्या माथ्यापेक्षा किमान ६ इंच खाली राहिली पाहिजे, नाहीतर फरशीवर आपटून उडालेले पाणी भिंतीत ओल धरते. पातळी घेण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून वापरावे, नळीत हवेचा बुडबुडा नाही याची खात्री करावी, भिंतीवर आणि पुढच्या खुंट्यांवर एकाच पातळीची खूण करावी, आणि मग पुढच्या खुंट्यांवर त्या खुणेखाली अडीच इंचांवर दुसरी खूण करून त्या खुणेला दोरी बांधावी.

याच टप्प्यावर आणखी काही गोष्टी ठरवून टाकाव्या लागतात. उताराच्या टोकाला आलेले पाणी कुठे जाणार? ते शेजाऱ्याच्या कुंपणात किंवा रस्त्यावर सोडणे योग्य नाही. शक्य असेल तर ते फुलझाडांच्या वाफ्यात किंवा शोषखड्ड्यात न्यावे. ड्रेनेजच्या चेंबरची झाकणे नव्या पातळीला उचलून घ्यावीत. तुळशी वृंदावनाजवळ दिवा किंवा नळ हवा असेल तर त्यासाठी फरशीखालून एक इंची पीव्हीसी पाइप आत्ताच टाकून त्याची तोंडे बंद करून ठेवावीत. पुढे फरशी फोडण्यापेक्षा हा खर्च नगण्य आहे. अंगणात मोठे झाड असेल तर बुंध्याभोवती चारही बाजूंनी किमान ३ फूट माती मोकळी ठेवावी, कारण मुळांना पाणी आणि हवा मिळाली नाही तर झाड खंगते, आणि जगलेच तर मुळे फरशी उचलतात.

खोदाई, मुरूम आणि सोलिंग

फरशी सव्वा इंच, तिच्याखालचा मसाला दीड इंच, काँक्रीट ३ इंच आणि सोलिंग, म्हणजे हाताने रचलेल्या दगडांचा थर, ६ इंच असे सगळे मिळून जवळजवळ १२ इंच होतात. तयार अंगण आजूबाजूच्या जमिनीपेक्षा २ ते ३ इंच उंच ठेवायचे असेल तर ९ ते १० इंच खोदावे लागते. खोदलेल्या तळालाही वरच्याइतकाच उतार द्यावा, म्हणजे सर्व थर एकसारख्या जाडीचे होतात.

तळाला मुरमाड जमीन लागली तर पाणी मारून धुमसाने ठोकून घेणे पुरते. परंतु विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या सपाट भागांत अनेक ठिकाणी काळी माती लागते, आणि तिथे घाई केली तर पुढचे सर्व काम वाया जाते. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. तिच्यावर थेट घातलेले काँक्रीट कितीही उत्तम असले तरी ते दरवर्षी वर-खाली होते आणि तडकते. अशा जागी मातीचा थर उथळ असेल तर तो पूर्ण काढून टाकावा. खोल असेल तर किमान दीड ते दोन फूट माती काढून त्या जागी चांगला मुरूम भरावा. मुरूम एकदम ओतू नये. ६ इंचांचा थर, त्यावर पाणी, मग धुमस, आणि तो थर दबून पक्का झाल्यावरच दुसरा थर, या क्रमाने काम करावे. अंगण मोठे असेल तर पेट्रोलवर चालणारे कॉम्पॅक्टर भाड्याने आणावे, त्याचे भाडे पुरेपूर वसूल होते. थर पुरेसा दबला की नाही हे पाहण्याची सोपी रीत अशी की त्यावर टाच रोवून जोर दिला असता खूण उमटता कामा नये.

मुरमावर ६ इंचांचे दगडी सोलिंग करावे. दगड हाताने, रुंद बाजू खाली करून, एकमेकांना भिडवून रचावेत, मधल्या पोकळ्यांत छोट्या कपच्या ठोकाव्यात, वरून बारीक मुरूम पसरून पाणी मारावे आणि पुन्हा ठोकून घ्यावे. ट्रॅक्टरमधून दगड ओतून फावड्याने पसरणे म्हणजे सोलिंग नव्हे. त्यात आत पोकळ्या राहतात, त्यांत वरचा मुरूम हळूहळू उतरतो आणि फरशी खचायला तिथूनच सुरुवात होते.

सोलिंगवर १:४:८ प्रमाणाचे, म्हणजे एक भाग सिमेंट, चार भाग वाळू आणि आठ भाग खडी अशा मिश्रणाचे ३ इंच जाडीचे काँक्रीट घालावे. त्याआधी सोलिंगवर पाणी मारावे, नाहीतर कोरडे दगड काँक्रीटमधले पाणी शोषून घेतात. अंगणात मोटार उभी राहणार असेल तर १:२:४ प्रमाण आणि ५ इंच जाडी धरावी, आणि फरशीही दीड इंचाहून जाड घ्यावी. काँक्रीटचा पृष्ठभाग थापीने गुळगुळीत करू नये, खरबरीतच ठेवावा, म्हणजे वरचा मसाला त्याला धरतो. जोत्याला लागून अर्ध्या इंचाची फट सोडून तीत थर्माकोलची पट्टी घालावी, म्हणजे अंगण आणि घर स्वतंत्रपणे हलू शकतात आणि भिंतीशी तडा जात नाही. काँक्रीटवर गोणपाट पसरून ते किमान ७ दिवस सतत ओले ठेवावे.

आपल्या १८० चौरस फुटांच्या अंगणासाठी साहित्य साधारण असे लागते: सोलिंग आणि त्यावरचा मुरूम मिळून सव्वा ब्रासच्या आत-बाहेर (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), खडी सुमारे ०.४ ब्रास, वाळू किंवा क्रश सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू, अर्धा ब्रास, आणि सिमेंटच्या सुमारे १० गोण्या, ज्यांपैकी निम्म्या काँक्रीटला आणि उरलेल्या फरशीखालचा मसाला, स्लरी (पाण्यात कालवलेले पातळ सिमेंट) व दर्जांना जातात. काळ्या मातीच्या जागी भरायचा मुरूम यात धरलेला नाही. फरशी तुटफूट आणि कापाकापी धरून २०० चौरस फूट घ्यावी.

फरशी बसवणे

बसवण्याच्या आदल्या दिवशी सर्व फरश्या काँक्रीटवर कोरड्याच मांडून पाहाव्यात. शहाबादी दगडात करडा, निळसर आणि पिवळट अशा छटा येतात. एकाच गाडीतल्या फरश्याही सारख्या नसतात. ढिगातून जशी येईल तशी बसवत गेले तर एका कोपऱ्यात सगळ्या पिवळट गोळा होतात. मांडताना छटा मिसळून घ्याव्यात, आणि त्याच वेळी जाडीप्रमाणे फरश्यांची प्रतवारी करून जाड फरश्या उताराच्या टोकाकडे, जिथे गाडी किंवा जड कुंड्या येतात, तिकडे घ्याव्यात. कापलेल्या अरुंद पट्ट्या दारासमोर येणार नाहीत अशा बेताने मांडणीची सुरुवात दाराच्या मध्यावरून करावी. सांधा ओळीआड सरकवून घेतला तर चार कोपरे एका बिंदूत येत नाहीत, आणि रफ दगडातला थोडाफार मापाचा फरकही खपून जातो.

मसाला १:६ प्रमाणाचा, म्हणजे एक भाग सिमेंटला सहा भाग वाळू, असा करावा. तो पातळ असू नये. मुठीत दाबला तर गोळा व्हावा पण बोटांमधून पाणी निथळू नये. एका वेळी दोन तासांत संपेल एवढाच मसाला कालवावा, आणि आवळू लागलेल्या मसाल्यात पुन्हा पाणी घालून तो वापरू नये.

चार कोपऱ्यांवर आणि मध्ये जागोजाग उताराच्या दोरीप्रमाणे ठिय्ये, म्हणजे पातळी दाखवणाऱ्या मसाल्याच्या खुणा, करून घ्यावेत. मग काँक्रीट ओले करून, त्यावर सिमेंटची स्लरी शिंपडून, एका-दोन फरश्यांपुरता मसाला दीड इंच जाडीने पसरावा आणि पट्टीने सारखा करावा. शहाबादीची खालची बाजू क्वचितच सपाट असते, त्यामुळे फरशी एकदा ठेवून, रबरी हातोड्याने ठोकून, पुन्हा उचलून पाहावी. मसाल्यावर जिथे ठसा उमटला नसेल तिथे पोकळी आहे असे समजून तेवढी भर घालावी. आता फरशीची खालची बाजू ओली करून तिला स्लरीचा हात द्यावा आणि ती पुन्हा बसवून मध्यापासून कडांकडे ठोकत दोरीला आणावी. हे उचलून पाहणे वेळखाऊ आहे आणि ठेकेदाराची माणसे ते टाळू पाहतात, पण माझ्या मते संपूर्ण कामात देखरेख कुठे करायची असेल तर ती इथेच.

विशेषतः एका पद्धतीला ठाम नकार द्यावा: चार कोपऱ्यांवर चार आणि मध्ये एक असे मसाल्याचे गोळे ठेवून त्यांवर फरशी टेकवण्याची. असे काम झटपट होते आणि दोरीलाही लवकर येते, पण गोळ्यांच्या मधे फरशी अधांतरी राहते, तिथे पावसाचे पाणी आणि मुंग्या शिरतात, आणि एखादी जड कुंडी ठेवताच ती तडकते. काम चालू असतानाच, मसाला आवळल्यानंतर, प्रत्येक फरशीवर काठी ठोकून ऐकावे. जिथे आवाज पोकळ येईल ती फरशी त्याच दिवशी उचलून पुन्हा बसवता येते, पुढच्या आठवड्यात नाही.

दोन फरश्यांमधली दर्ज मशीनकट कडांसाठी ५ मिलीमीटर आणि हातकट कडांसाठी १० मिलीमीटर ठेवावी. फरश्या अगदी चिकटवून बसवण्याचा आग्रह धरू नये, कारण उन्हाने दगड किंचित प्रसरण पावतो आणि त्याला जागा नसेल तर कडांचे टवके उडतात. फरशी कापताना ग्राइंडरच्या पात्यावर पाणी सोडत राहावे आणि नाकातोंडावर मास्क व डोळ्यांवर चष्मा लावावा. दगडाची बारीक धूळ फुप्फुसांना कायमची इजा करते. पाणी आणि वीज एकत्र येत असल्याने रबरी हातमोजे आणि अर्थिंग असलेले कनेक्शन या बाबतीत तडजोड नको. घरमालकाने ही साधने स्वतः विकत आणून कारागिरांना द्यावीत.

दर्जा भरणे

फरशी बसवल्यावर पूर्ण एक दिवस तिच्यावर कोणालाही चालू देऊ नये. दुसऱ्या दिवशी दर्जांमधला सुटा मसाला खरवडून काढून, त्या पाण्याने ओल्या करून, बारीक चाळणीने चाळलेल्या वाळूचा १:३ प्रमाणाचा मसाला करणीच्या टोकाने दाबून भरावा. पातळ स्लरी ओतून झाडूने ढकलण्याची रीत सोपी वाटते, पण त्याने संपूर्ण अंगणावर सिमेंटचा पांढुरका पापुद्रा चढतो आणि रफ दगडातून तो निघत नाही. दर्ज फरशीच्या पातळीपेक्षा किंचित आत दबलेली ठेवावी आणि सांडलेला मसाला ओल्या स्पंजने लगेच, तो वाळण्यापूर्वी, पुसून घ्यावा.

ही स्वच्छता एवढ्यासाठी महत्त्वाची की काम संपल्यावर फरशी अ‍ॅसिडने धुऊन देण्याची आपल्याकडे सर्रास पद्धत आहे. सिरॅमिक टाइलला ते चालत असेल. चुनखडीच्या दगडाला मुळीच चालत नाही. अ‍ॅसिड पडताच दगड फसफसतो, म्हणजे त्याचा वरचा थर अक्षरशः विरघळतो, आणि कायमचे चट्टे राहतात. घासलेल्या फरशीवर लिंबाचा रस किंवा चिंचेचे पाणी थोडा वेळ राहिले तरी डाग पडतो, तो याच कारणाने. सिमेंट वाळून बसलेच तर लाकडी खरवडणी, ताठ ब्रश आणि पाणी यांनीच ते काढावे, मग त्याला कितीही वेळ लागो.

दर्जा भरल्यानंतर सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारावे. तिसऱ्या दिवसापासून घरच्यांनी जपून चालण्यास हरकत नाही, परंतु दुचाकी किंवा मोटार किमान दोन आठवडे आणू नये.

वाळूवरची फरसबंदी

जिथे जमीन मुरमाड आहे आणि गाडी यायची नाही, तिथे काँक्रीट वगळून वाळूवरही फरसबंदी करता येते, आणि पाणी जमिनीत मुरावे असे ज्यांना वाटते त्यांनी तिचा जरूर विचार करावा. यासाठी दगड दीड इंचाहून जाड हवा. दबलेल्या मुरमावर २ इंच क्रश सँड पसरून तिच्यावर फरशी ठोकून बसवतात आणि दर्जाही कोरड्या वाळूनेच भरतात. अंगणाच्या बाहेरच्या कडेला सिमेंटमध्ये पक्के बसवलेले दगडी काठ आवश्यक असतात, नाहीतर वाळू पसरत जाते आणि कडेच्या फरश्या सरकतात. दर्जांमध्ये गवत उगवते, ते वर्षातून दोनदा काढावे लागते, आणि खचलेली एखादी फरशी उचलून खाली वाळूची भर घालावी लागते, पण त्यासाठी गवंडी बोलवावा लागत नाही. कोकणात जांभ्याच्या चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, याच तत्त्वावर शेकडो पावसाळे सोसत आली आहे. तिथे मात्र अडीच-तीन हजार मिलीमीटर पावसाने वाळू वाहून जाऊ नये म्हणून उतार थोडा अधिक द्यावा आणि पाणी वाहून नेणारी गटारी आधी करावी.

निगा

दगडावर पांढरी भुकटी दिसू लागली तर ते क्षार असतात, जे बहुधा खाऱ्या वाळूतून किंवा मसाल्यातून ओलीबरोबर वर येतात. ते पाण्याने न धुता कोरड्या ब्रशने झाडून काढावेत, कारण पाण्यात विरघळून ते पुन्हा दगडात शिरतात. सावलीच्या बाजूला पावसाळ्यात शेवाळ धरते. ते ताठ खराट्याने आणि धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने निघते. दर्जा कुठे निखळल्या असतील तर त्या पावसाळ्यापूर्वी, एप्रिलमध्ये, भरून घ्याव्यात, कारण पाणी एकदा खाली शिरू लागले की मसाला सुटतो.

काम झाल्यावर चार-पाच फरश्या घरामागे उभ्या करून ठेवाव्यात, कारण खाणीतून पुढच्या खेपेला येणारा दगड याच छटेचा असेल याची खात्री देता येत नाही. एखादी फरशी फुटली तर आधी तिच्या चारही बाजूंच्या दर्जा ग्राइंडरने कापून ती शेजारच्या फरश्यांपासून मोकळी करावी, मग तिच्या मध्यावर छिन्नीने फोडून तुकडे मधून कडेकडे काढावेत. कडेवर पहार घालून फरशी उचकटली तर शेजारची फरशीही जाते. जुना मसाला काँक्रीटपर्यंत खरवडून, जागा ओली करून, नवी फरशी वर सांगितल्याप्रमाणे ठसा पाहून बसवावी आणि तिच्यावर दोन दिवस फळी टाकून ठेवावी.